खुर्चीत बसून ऐकलेला बाजा

कात्रप

बदलापूरला मी याआधी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा बारशाला. बारशाला गेलेला माणूस गाव बघत नाही, पाळणा बघतो, जेवतो आणि परत येतो. या खेपेला वैशाखात चांगला आठवडाभर राहिलो. आमच्या पोलादपूरकडची माणसं मुंबईहून आली की परळ, वरळी, चेंबूर एवढंच सांगतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन गावं एका ओळीत आहेत, एक कधी संपलं नि दुसरं कधी लागलं ते कळत नाही, आणि आमची निम्मी वाडी आता तिथंच राहते. त्या गावांबद्दल कोणी लिहिलेलं मी बघितलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली चौथी अर्धीच. पण डोळ्यांनी बघितलेलं लिहायला तेवढी पुरते.

मला बोलावलं नातीनं. प्रज्ञा, माझ्या शेवंतीची मुलगी. कॉलेज झालं आणि अंबरनाथला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तिनं आमच्या शेजारच्या घरी फोन केला. म्हणाली, "आजोबा, रविवारी आमचा कार्यक्रम आहे अंबरनाथला. सगळी मंडळं आणि नगरपालिका मिळून करतायत. तुम्ही पायजेच."

भीमजयंतीचे कार्यक्रम तिकडं पार बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतात. सुट्टीचा वार बघून एकेका वस्तीत होतात. मी आमच्या गायनपार्टीत म्हातारा होईपर्यंत गायलोय. मला वाटलं, पोरीला आजोबाचं गाणं लोकांना ऐकवायचं असेल. शर्ट-लेंगा इस्त्रीला दिला, खंजिरी पिशवीत घातली, सुकट आणि आमसुलं बांधून घेतली. पनवेलला गाडी बदलली आणि दुपारी बदलापुरातल्या कात्रपला पोचलो.

शेवंतीचं घर तिसऱ्या माळ्यावर. दारात चप्पल काढतोय तोच समोर खिडकीच्या गजाला ढोल टांगलेला दिसला. त्याच्या खाली टिमकी, आणि बाजूला खुंटीला झांज. मी एक पाय आत, एक पाय बाहेर असा उभा राहिलो.

आता हे वाचणाऱ्याला सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल, ढोल बघून म्हातारा का अडला. आमच्या कोकणात खालूबाजा असतो. सनई, ढोल, टिमकी, झांज. शिमग्याच्या पालखीपुढं आणि लग्नाच्या वरातीपुढं तो वाजतो. तो वाजवायचं काम आमच्याकडं होतं. आमच्याकडं म्हणजे आमच्या जातीकडं. आवडतं का, जमतं का, असं कोणी विचारत नव्हतं. माझा चुलता सनई वाजवायचा, बाप ढोल, आणि मी मिसरूड फुटायच्या आधीपासून झांज. पालखीपुढं चालायचं, थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. लग्नात नवऱ्याला मांडवापर्यंत पोचवायचं आणि आपण मांडवाच्या मागं जाऊन बसायचं. आमच्या पानात जेवण वरून टाकायचे. आम्ही दीक्षा घेतली त्या साली बापानं गावाला सांगितलं की उद्यापासून बाजा बंद. गावानं आमची वाट बंद केली, गुरं चरायला बंद केली. बापानं ढोल सावित्री नदीत सोडला. तो बुडाला नाही, वाहत गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी बाजाला हात लावलेला नाही. मी तर वरात दिसली की दुसऱ्या वाटेनं जातो.

तर तो ढोल माझ्या मुलीच्या खिडकीत.

मी म्हटलं, "शेवंते, हे कोणाचं?"

शेवंती म्हणाली, "आप्पा, आधी पाणी प्या. भांडण नंतर करा."

"पाणी बाहेर आण."

तिनं खरंच बाहेर आणून दिलं. माझा स्वभाव तिला ठाऊक आहे, आणि तिचा मला. मी जिन्यात बसून पाणी प्यालो. समोरच्या घरातली बाई दार उघडून बघत होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही तरी सांगा हिला. रोज संध्याकाळी धडाडधूम. आम्ही सोसायटीत अर्ज केलाय." म्हणजे माझ्या बाजूनं बोलणारी पहिली बाई भेटली ती अशी. मला काही ते आवडलं नाही.

प्रज्ञा कामावरून आली ती माझ्या बाजूला पायरीवरच बसली. जय भीम घातला आणि सगळं सांगितलं. विहारातल्या मुली जमवून तिनं बाजा बसवला होता. ढोल ती स्वतः वाजवते. सनई कोणाला येत नाही म्हणून सनईविना. कोणा म्हाताऱ्याकडून एक चाल शिकली, दुसरी अर्धवट होती. ती पुरी करून घ्यायला मला बोलावलं होतं. आणि अंबरनाथच्या कार्यक्रमात वाजवून दाखवलं तर नगरपालिकेचा एक रिकामा हॉल सरावाला मिळेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. सोसायटीच्या अर्जामुळं घरात वाजवणं आता बंद होणार होतं. हॉल नाही तर बाजा नाही.

मी म्हटलं, "नसू दे बाजा. तुझ्या पणजोबानं नदीत सोडला तो तू कुठून काढलास?"

"महाडहून मागवला. नवीन आहे."

"नवीन असो का जुना. त्यांनी आम्हाला राबवलं त्याच्यावर."

"तुम्हाला वाजवायला लावायचे, आजोबा. मला कोणी लावलं नाय. मम्मी तर रोज बंद कर म्हणते."

"आज कोणी लावत नाही. उद्या लावतील. तू ढोल गळ्यात घातलास की कोणीतरी येणार आणि म्हणणार, चल पुढं हो."

"नाय होणार मी पुढं."

"आम्ही पण पोरंच होतो. आम्हालाही वाटायचं नाही व्हावं."

ती म्हणाली, "म्हणजे चाल नाय सांगणार?"

"नाही. आणि ते घरात असेल तर मी घरात नाही."

जावई कामावरून आले, त्यांनी ढोल उचलून गच्चीवर नेला, तेव्हा मी आत गेलो. जावईमाणूस चांगला आहे. त्या रात्री जेवणात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी होती, पण सगळी पुढ्यात बघून जेवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मोकळे करायला निघालो. कात्रपला सगळ्या बिल्डिंगी एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या. खाली किराणाचं दुकान, बाजूला शाळेची भिंत. शाळेच्या भिंतीवर नगरपालिकेनं मुलांना चित्रं काढायला लावली होती, झाडं लावा, कचरा टाकू नका अशी. डोंगरातल्या दोन बाया पानांच्या द्रोणांत करवंदं विकत होत्या. त्या बारवी धरणाकडून पहाटे चालत येतात. मी करवंदं घेतली, परत आलो, तिसरा माळा चढलो, दार उघडं होतं म्हणून आत जाऊन खुर्चीवर बसलो. एक बाई पाणी घेऊन आली. मी म्हटलं, शेवंती कुठं गेली? ती म्हणाली, "तुम्ही नळवाले ना?" तेव्हा कळलं की बिल्डिंग चुकली. मी उठलो नाही लगेच. पाणी पिऊन, करवंदं तिच्या पोरांना देऊन मग उठलो. चूक झाली तरी पळून जायचं कारण नाही.

घरी आलो तर ढोल परत खिडकीत. गच्चीवर पत्रा तापतो, चामडं फाटेल म्हणून प्रज्ञानं खाली आणला होता. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, मला विलासकडं सोडा.

उल्हासनगर

विलास माझा पुतण्या. सनईवाल्या चुलत्याचा नातू, म्हणजे चुलत पुतण्या, आणि तो मला काका म्हणतो. उल्हासनगरात तो जीन पँटी कापायचं काम करतो. पुढं कारखाना, मागं खोली. उल्हासनगरात गावाला नाव नाही, नंबर आहेत. एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. फाळणीनंतर सिंधी लोकांना सरकारनं तिथं छावण्यांत आणून ठेवलं, ते नंबर अजून तसेच. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरात काय शिजतंय ते बघून आपण काय शिजवायचं ते ठरवावं. पँटी धुतलेलं पाणी गटाराला येतं. एक दिवस गटार निळं, एक दिवस काळं. आमच्याकडं ओढ्याचा रंग फक्त पावसात बदलतो.

समोर लालचंदशेठ राहतात, कापडवाले. माझ्याच वयाचे. मी पोचल्या पोचल्या त्यांनी ओट्यावरून हाक मारली.

"आओ साईं, बैठो. विलास का काका है ना? पापड खाओ."

त्यांच्यात पाहुणा उन्हातून आला की पापड आणि पाणी देतात. आमच्याकडं गूळ आणि पाणी. मला पहिल्यांदा वाटलं, पापडानं तहान वाढेल. पण खारट पापड खाऊन वर पाणी प्यालं की बरं वाटतं, हे मान्य करतो. सकाळी त्यांनी डाळ-पकवान पाठवलं. पकवान म्हणजे मोठी कडक पुरी, ती मोडून डाळीबरोबर खायची. मला दात थोडे. मी पकवान डाळीत भिजवून खाल्लं तर शेठ म्हणाले, "ऐसे नहीं खाते." मी म्हटलं, "मैं ऐसे ही खाता." त्यावर ते हसले आणि त्यांनीही एक तुकडा भिजवून बघितला. त्यांनाही दात नव्हतेच.

विलासनं त्यांना आमचं भांडण सांगितलं होतं. पोटात काही ठेवत नाही तो. शेठ म्हणाले, "लडकी बजाती है तो बजाने दो. मेरी पोती तो दिनभर मोबाइल बजाती है."

मी म्हटलं, "शेठ, आपके बाप को कोई बोला था क्या, कि तू कपडा बेच, नहीं तो पानी बंद?"

"नहीं."

"मेरे बाप को बोला था. बजाव बोला था."

शेठ पापड मोडत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "पापड और मंगाऊं?" माणूस समजूतदार होता, उगाच शिकवायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच गल्लीतून वरात गेली. दुसरी वाट नव्हती, त्यामुळं मला बघावी लागली. लाल कोट घातलेले बँडवाले, कोटाला सोनेरी दोऱ्या, आणि वैशाखाचा उकाडा. दोन्ही बाजूंनी बाया डोक्यावर दिव्यांची झाडं घेऊन चालत होत्या. एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्याला वायर, आणि वायर मागच्या हातगाडीवरच्या जनरेटरला. एक बाई थांबली तर सगळ्यांना थांबावं लागतं, असं बांधलेलं. नवऱ्याकडची पोरं नाचायला थांबली म्हणून बँड विलासच्या दारातच उभा राहिला. क्लॅरनेटवाला घाम पुसत होता. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"कुठला रे तू?"

"लातूरकडचा, काका."

"जेवण झालं?"

"आपलं पार्सल असतंय. घरी जाऊन खायचं."

"पंगतीत नाही बसवत?"

तो माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मी चंद्रावरचं विचारलं. "आमी वाजवनारे, काका. आमी कुठं पंगतीत." मग कोणीतरी मागून "चलो, चलो, आगे" असं ओरडला आणि तो वाजवत पुढं गेला.

मी विलासला म्हटलं, "बघितलंस? कोट घातला, गाव बदललं, पण पुढं हो म्हणणारा मागं आहेच."

विलास म्हणाला, "काका, तुमचं खरं आहे. पण तुम्ही नाही गेलात तरी ती रविवारी वाजवणारच."

शनिवारी प्रज्ञा कंपनीतून थेट उल्हासनगरला आली. दिवसभर टोपी घालतात त्याचा वळ कपाळावर तसाच होता. तिनं विलासच्या बायकोला पीठ मळायला मदत केली, जेवली, आणि भांडी घासून झाल्यावर माझ्यापाशी आली.

"आजोबा, उद्या या."

"चाल सांगणार नाही."

"नका सांगू. जेवढी येते तेवढी वाजवू."

"मला पटलं नाही तर मी मधूनच उठून जाईन."

"जा. पण आधी येऊन बसा तर."

मी हो म्हटलं. खरं कारण असं, की उद्या कोणीतरी तिला पुढं हो म्हणणार याची मला खात्री होती. ते झालं की तिचा ढोल आपोआप सुटेल, आणि तेव्हा कोणी घरचं माणूस जवळ असावं, एवढंच माझ्या मनात होतं.

अंबरनाथ

रविवारी आम्ही फार लवकर पोचलो. मैदानात अजून मांडववाले खुर्च्या मांडत होते, म्हणून विलास मला जुनं देऊळ दाखवायला घेऊन गेला. काळ्या दगडाचं, बाहेरून खालपासून वरपर्यंत कोरलेलं. शेजारून जो नाला वाहतो त्याचा वास मात्र कारखान्यांचा. मी हात जोडत नाही, पण दगडाचं काम बघायला माझी ना नाही. विलास आत जाऊन आला, मी बाहेरून चक्कर मारली. नाचणाऱ्या बाया, प्राणी, आणि एका ठिकाणी गळ्यात ढोलासारखं काही घेतलेला माणूस. तोंड झिजून सपाट झालेलं, हात शाबूत. देव आत, वाजवणारा बाहेर भिंतीवर. मी विलासला दाखवलं. तो म्हणाला, काका, तुम्हाला सगळीकडं तेच दिसतं. दिसतं, कारण आहे.

मैदानात परत आलो तोवर गर्दी झाली होती. एका बाजूला डोळे तपासायचा तंबू. एका बाजूला रोपं फुकट वाटत होते, माणशी एक. रांगोळीवाल्या बायांनी दोरी बांधून जागा अडवली होती आणि दोरीवरून त्यांच्यात कुरबुर चालली होती. कॉलेजची मुलं कागदावर वारली चित्रं काढायला शिकवत होती, त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस. करवंदंवाली एक ठाकरीण टोपली घेऊन तिथं उभी होती. ती मला म्हणाली, "बाबा, यांना खाया घाला कायतरी. पार हाडं दिसतान." आमच्याकडं जत्रेत देव असतो, दुकानं असतात. इथं देव नव्हता, साहेब यायचे होते. बाकी जत्राच.

प्रज्ञाच्या मुली स्टेजच्या बाजूला उभ्या होत्या. निळ्या ओढण्या, पांढरे ड्रेस. ढोल, टिमक्या, झांजा. शेवंती आणि जावई पहिल्या रांगेत जागा धरून होते. मी मात्र मुलींपासून चार हातांवर उभा राहिलो.

साहेब नऊला यायचे होते. दहा वाजले, ऊन मांडवाच्या आत यायला लागलं, मुलांचे दोन नाच झाले, एक पोवाडा झाला. मग छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता घाईघाईनं आला.

"ताई, साहेब पाच मिनिटांत पोचतायत. तुमची टीम गेटवर घ्या. तिथून वाजवत वाजवत त्यांना स्टेजपर्यंत आणायचं. पेपरात फोटो एकदम भारी येतो."

मी मनात म्हटलं, आलं.

प्रज्ञा म्हणाली, "दादा, आमचं नाव स्टेजला आहे."

"स्टेजला आहेच की. आधी हे करून घ्या."

"आम्ही कोणाच्या पुढं चालत वाजवत नाय."

"म्हणजे? काय प्रॉब्लेम आहे? ढोल आहे, वाजवता येतो, चालता येतं."

टिमकीवाली मुलगी प्रज्ञाच्या कानाशी लागली. पण तिचा आवाज मला ऐकू आला. "प्रज्ञा, दोन मिनिटांचं काम आहे. हॉलचं यांच्याच हातात आहे ना. कशाला?"

प्रज्ञानं ढोलाचा पट्टा खांद्यावर नीट केला, परत काढला, परत घातला. मी तोंडातून शब्द काढला नाही. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण शेवंती म्हणते की आप्पांच्या धाकानं ती नाही म्हणाली. तसं नाही. मी तर धरून चाललो होतो की ती जाईल. तिच्या वयात मी गेलो असतो, गेलोच होतो.

ती म्हणाली, "दादा, साहेबांना सांगा, येऊन बसा. आम्ही त्यांच्यासाठीच वाजवतो. ते बसल्यावर."

"ताई, असं नसतं. एवढी माणसं आहेत, प्रत्येकाचं असं ऐकलं तर झालं."

"मग नाव काढा आमचं."

ती टिमकीवाली खाली बघायला लागली. बाकीच्या मुली प्रज्ञाकडं बघत होत्या. एकही गेटकडं गेली नाही. शेवटी तो बिल्लेवाला माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही घरचे ना? सांगा की हिला जरा. मोठे आहात."

मी म्हटलं, "रस्ता सरळ आहे. साहेब चालत येतील."

तो निघून गेला. जाताना म्हणाला, "बघतो तुमचा नंबर कधी लागतो ते."

साहेब आले ते चालतच आले. स्पीकरवर कसलीशी कॅसेट लावली. मग हार, शाली, नारळ. मग भाषणं. एकानं शहराच्या विकासावर, दुसऱ्यानं संस्कृतीवर, तिसऱ्यानं पहिल्या दोघांवर. साहेब पाणीप्रश्नावर बोलले आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. त्यांच्यामागं निम्मी माणसं गेली. मग बक्षिसं झाली, बक्षिसं घेऊन त्या मुलांचे आईबाप गेले. बाराच्या पुढं ऊन असं की मांडवाचं कापड पिवळं दिसत होतं. जेवायची वेळ, रविवार. माईकवर शेवटी सांगितलं, "वेळ उरलाय म्हणून आता एक शेवटचं सादरीकरण," आणि नावही नीट घेतलं नाही.

तेवढ्यात मांडववाल्याची माणसं मागच्या रांगेपासून खुर्च्या गोळा करायला लागली. एकावर एक रचत ती पुढं आली. शेवंती आणि जावई उठून उभे राहिले, कारण उठा म्हटलं. मी तोवर पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत जाऊन बसलो होतो.

"काका, उठा. खुर्च्या न्यायच्यात. संध्याकाळी उल्हासनगरला लग्न आहे."

"ने की."

"तुम्ही उठलात तर नेतो."

"ही नको नेऊस. हिच्यावर मी बसलोय."

"एक खुर्ची राहिली तर मालक माझ्या नावावर टाकेल."

"मग बाजूच्या पण ठेव, म्हणजे मालकाला रांग दिसेल." मी बाजूच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली, पलीकडं विलासला ओढून बसवलं. शेवंतीला म्हटलं, बस खाली. जावई बसले. ती करवंदंवाली ठाकरीण सावलीला आली होती, तिला म्हटलं, "बाय, बस." ती म्हणाली, "मी खाली बसतंय." मी म्हटलं, "खुर्चीत बस." ती टोपली मांडीवर घेऊन बसली. ते बघून मांडववाला म्हणाला, "बरं, पहिली रांग राहू द्या, पण लवकर आटपा." आणि तो पण रचलेल्या खुर्च्यांना टेकून उभा राहिला.

मुली स्टेजवर आल्या. माईकवाला माईक काढून घेऊन गेला होता. ढोलाला माईक लागत नाही.

प्रज्ञानं पहिला हात टाकला.

मी लहानपणापासून बाजात होतो. बापाच्या डाव्या हाताला चालायचो. ढोल मला नेहमी बाजूनं ऐकू यायचा, कानाखाली, आणि समोर पालखीवाल्यांच्या पाठी नाहीतर रिकामा रस्ता. चालताना लक्ष पायांकडं, झांजेकडं, आणि मागून कोण ओरडतंय त्याच्याकडं. आमचा बाजा पुढून कसा ऐकू येतो, ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. बापालाही ठाऊक नव्हतं, चुलत्यालाही नाही. आम्ही कोणी कधी समोर बसलोच नव्हतो.

तो छातीवर येतो. आधी ढोल येतो, मग टिमकी त्याच्या अंगावरून उड्या मारत जाते, आणि झांज दोघांना बांधून ठेवते. झांजेला एवढं काम असतं, हेही मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, मी लहान म्हणून माझ्या हातात दिली असेल.

दुसरी चाल त्यांची खरंच अर्धी होती. फिरायच्या जागी त्या फिरल्याच नाहीत, सरळ पुढं गेल्या आणि घाईत संपवलं. ठाकरणीनं टाळ्या वाजवल्या. मांडववाल्यानं पण दोन वाजवल्या आणि खुर्च्या उचलल्या. मी उठलो नाही मधे. शेवटपर्यंत बसलो.

हॉल मिळाला नाही. बिल्लेवाला तिथंच सांगून गेला की पुढच्या वर्षी बघू. टिमकीवाली मुलगी प्रज्ञाशी न बोलता घरी गेली. बाकीच्यांनी सामान आवरलं. शेवंतीनं ढोलावर ओढणी टाकली, ऊन लागू नये म्हणून. मी बघितलं आणि माझी पिशवी उचलली.

परत जाताना जावई, शेवंती, विलास एका रिक्षात बसले, आणि ढोल, प्रज्ञा, मी दुसरीत. ढोल दोघांच्या मधे होता. पालेगावाकडं नव्या बिल्डिंगींची कामं चालली आहेत तिथं रस्ता उकरलेला, रिक्षा खड्ड्यात गेली की ढोल माझ्या गुडघ्याला लागायचा. मी गुडघा आखडून घ्यायचो.

प्रज्ञा म्हणाली, "आजोबा, दुसरी चाल चुकली ना?"

"चुकली."

"कुठं?"

"फिरायच्या जागी."

"मग दाखवा."

"हात लावणार नाही मी."

"नका लावू."

पुढं थोडा रस्ता गेला. हॉल गेला, एक मैत्रीण गेली, आणि पोरगी खिडकीबाहेर बघत ढोलाच्या कडेवर बोटं आपटत होती, तीच अर्धी चाल, परत परत, चुकीची. मला ती ऐकवेना.

मी म्हटलं, "तोंडानं सांगतो. एकदाच सांगीन."

आणि मी सांगितली. धीं तडतड धीं, मग धीं धीं, मग टिमकीला जागा द्यायची, ती येईपर्यंत हात वर ठेवायचा, घाई करायची नाही, मग फिरायचं. एकदा म्हटलं होतं, पण बदलापूर येईपर्यंत पाच-सहा वेळा सांगावी लागली. माझा आवाज अजून गायनपार्टीतला आहे, हळू निघत नाही. तिनं ओढणी बाजूला करून बोटांनी चाल ढोलावर धरली. चौथ्या वेळी ती बरोबर फिरली.

कात्रपच्या नाक्यावर रिक्षावाल्यानं गाडी हळू केली आणि आरशातून मागं बघत विचारलं, "क्या चाचा, बजाते हो क्या?"

मी म्हटलं, "मी नाही. ही वाजवते."